शाम्पूशेजारची गोळी

दवाखान्यात सर्दीची गोळी मिळणं बंद झालं तो दिवस शनिवार होता. माझे मेहुणे सकाळी लिफ्टने खाली गेले, दवाखान्यात शिरले आणि हात हलवत वर आले. मग त्यांनी हिला, म्हणजे माझ्या बायकोला, त्यांच्या धाकट्या बहिणीला, फोन केला. "बेबी," ते म्हणाले, "आता आजारी पडण्यात काही अर्थ राहिला नाही."

माझ्या मेहुण्यांइतका धडधाकट रोगी पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. साठी ओलांडली तरी दात सगळे स्वतःचे, चष्मा फक्त पेपरपुरता. लिफ्ट बंद असली तर दहा मजले जिन्याने चढतात आणि वर आल्यावर दम कसा लागला नाही याची काळजी करत बसतात. जहाजदुरुस्तीच्या एका कंपनीत ते इंजिनिअर आहेत. निवृत्तीचं वय उलटून गेल्यावरही कंपनीने त्यांना वर्षावर्षाच्या कराराने ठेवून घेतलंय, कारण खालच्या खोलीतला कुठला पंप बिघडायच्या बेतात आहे हे ते शिडीवरूनच, नुसत्या आवाजावरून सांगतात. अडचण एवढीच, की घरी आल्यावर ते तोच कान स्वतःच्या शरीराला लावतात. पोटात काही गुरगुरलं की त्यांचा चेहरा इंजिनरूममध्ये उतरल्यासारखा होतो. लग्न केलं नाही. एकदा बोलणी बरीच पुढे गेली होती, पण मुलीकडच्यांनी तब्येत कशी असते असं विचारलं आणि मेहुण्यांनी खरंच सांगायला सुरुवात केली.

सर्दी, खोकला, ताप ही दुखणी त्यांना फार ढोबळ वाटतात. त्यांची दुखणी बारीक विणीची. घशात खवखव, पण गिळताना नाही, बोलताना. बरगडीखाली उसण, पण उजव्या कुशीवर वळलं तरच. करपट ढेकर, तेही जेवणाआधी. आणि या सगळ्यांच्या वरची म्हणजे कणकण. इतरांना ताप यायच्या आधी कणकण वाटते. मेहुण्यांना ताप कधी यायचाच नाही. नुसती कणकण यायची, जुन्या ओळखीच्या माणसासारखी दोन दिवस राहायची आणि जायची. गेली की त्यांना जरा चुकल्यासारखं व्हायचं.

सिंगापुरात तोआ पायोह या वस्तीत त्यांच्या ब्लॉकखाली, म्हणजे इमारतीखाली, किराणा आणि केस कापायचं दुकान यांच्यामध्ये एक दवाखाना आहे. डॉक्टरीणबाई चिनी, पन्नाशीच्या, बारीक चणीच्या आणि अंगात सोशिकपणा मुरलेला. आपल्याकडे डॉक्टर चिठ्ठी लिहून देतो आणि आपण औषधाच्या दुकानात जातो. इथले दवाखाने औषध हातातच देतात, छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर नाव छापलेलं. मेहुण्यांना ही पिशवी फार आवडायची. ऑफिसात टेबलावर ती नाव दिसेल अशी ठेवायचे. पहिल्यांदा ते बाईंकडे गेले तेव्हा कणकण समजावून सांगण्यात बराच वेळ गेला होता. "नॉट फीवर, डॉक्टर. बिफोर फीवर." बाईंनी विचारलं, किती आधी? मेहुण्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "सम टाइम्स, मेनी इयर्स." पुढे पुढे बाई इतक्या तयार झाल्या की ते खुर्चीत बसायच्या आत विचारायच्या, "अंकल, टुडे कणकण ऑर खवखव?" परमुलुखात आपल्या दुखण्याचं नाव आपल्या भाषेत कोणी घेतं याचं सुख मेहुण्यांना त्या गोळीपेक्षा जास्त लागू पडत असावं असा मला संशय आहे.

पण त्यांना विचाराल तर ते म्हणतील, की खरं औषध गोळीत नसतंच. ते हातात असतं. मेहुणे मिरजेचे. त्या गावात गल्लीगल्लीला दवाखाना, आणि लांबलांबून माणसं तिथे बरी व्हायला यायची. मिरजेत वाढलेल्या माणसाला डॉक्टरशिवाय नीट शिंकताही येत नाही. त्यांच्या लहानपणी वेशीकडे एक म्हातारे डॉक्टर होते. प्रत्येकाला, मग पोट दुखो की कान, कागदाच्या पुडीतून त्याच पांढऱ्या गोळ्या द्यायचे, आणि प्रत्येकजण बरा व्हायचा. गाव म्हणायचं, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. मेहुण्यांनी पुढे इंजिनिअरिंग केलं, समुद्र ओलांडला, तीसेक वर्षं परदेशात काढली, पण या एका सिद्धांताला धक्का लागू दिला नाही. गोळी कोणीतरी दिली पाहिजे. आपल्या हाताने घेतलेली गोळी म्हणजे आपणच आपल्याला केलेला नमस्कार, असं ते म्हणत.

तर त्या शनिवारी दवाखान्याच्या काउंटरवर एक कागद चिकटवलेला होता. यापुढे किरकोळ दुखण्यांना दुकानात सहज मिळणारी औषधं इथून दिली जाणार नाहीत, डॉक्टर तपासतील आणि सल्ला देतील, गोळ्या बाहेरून घ्याव्यात. खाली दुखण्यांची नावं होती. सर्दी, साधा खोकला, अंगदुखी, डोकेदुखी, अपचन. मेहुण्यांनी तो कागद एखाद्या जहाजाचा नकाशा वाचावा तसा वाचला आणि त्यांना फट सापडली. आत जाऊन त्यांनी बाईंना सांगितलं, की यादीत कणकण नाही.

बाईंनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून ठेवला. मग म्हणाल्या, "अंकल, कणकणीचं औषध माझ्याकडे कधीच नव्हतं. मी तुम्हाला पॅरासिटामॉल देत होते."

"सगळ्याला?"

"सगळ्याला. ढेकर सोडून."

मिरजेच्या डॉक्टरांबद्दलही कोणी असं बोललं असतं तर मेहुण्यांना वाईट वाटलं नसतं, कारण त्या हाताला गुण होता. बाईंच्या हातालाही होता. प्रश्न असा होता, की आता तो हातच मागे घेतला गेला होता. बाईंनी मऊ आवाजात सांगितलं, की सुपरमार्केटमध्येही मिळते, तीच गोळी आहे, अंकल, सेम सेम.

ते गेले. ती गोळी त्यांना शाम्पूच्या शेजारी फळीवर सापडली. एका बाजूला शाम्पू, दुसऱ्या बाजूला पायाच्या भेगांचं मलम, आणि मधे पाकिटांची रांग, ज्याला हवं त्याने उचलावं अशी. कोणी विचारणारं नाही, काय होतंय म्हणून. दोन केळी, एक पाव आणि ते पाकीट असं त्यांनी मशीनवर स्वतःच दाखवलं, मशीनने पिक् केलं, आणि एवढ्यात उपचार संपला. घरी येऊन त्यांनी गोळी तळहातावर घेतली आणि परत पाकिटात ठेवली. "शाम्पूशेजारची गोळी," ते हिला फोनवर म्हणाले, "माणसाच्या घशाखाली उतरेल कशी?"

"मग काय करणार आहेस, दादा?"

"उद्या तुझ्याकडे घेऊन येतो. तू दे."

ही एका प्रयोगशाळेत जिवाणूंवर काम करायची. मिरजेत वाढून तिने नेमका उलटा निष्कर्ष काढला होता, की माणसं बहुतेक वेळा आपली आपणच बरी होतात आणि श्रेय जवळ उभ्या असलेल्याला मिळतं. हाताच्या गुणावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण दुसऱ्या दिवशी, रविवारी, अंगात कणकण घेऊन मेहुणे दोन गाड्या बदलून हौगांगला आमच्याकडे आले, तेव्हा तिने त्यांना स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं, उलटा हात कपाळाला लावला आणि चौकशी सुरू केली. पुढे दर रविवारी ती झाली. मी बाहेर पुस्तक घेऊन बसलेलो असायचो, पण अशा वेळी पान उलटलं जात नसे.

"काय होतंय?"

"कणकण."

"काल काय खाल्लंस?"

"काही नाही. साधंच."

"साधं म्हणजे?"

"भात."

"भातावर?"

"सांबाल."

"नुसती ती मिरचीची चटणी?"

"बेबी, कणकणीचा आणि सांबालचा काय संबंध?"

"दादा."

"मासा होता. तळलेला. लहान होता."

"जीभ दाखव. ही जीभ आहे का हॉकर सेंटरमधलं जेवणाचं टेबल? गोळी मिळणार नाही."

दवाखान्याचे नियम कडक झाले असं मेहुण्यांना वाटत होतं, पण कडक नियम म्हणजे काय ते त्यांना हौगांगला कळलं. ताप नसेल तर गोळी नाही. ताप असेल तर तो थर्मामीटरला दिसला पाहिजे, मेहुण्यांना दिसून भागणार नाही. ढेकरांची गोळी मागायची तर आदल्या आठवडाभराचं खाणं सांगायचं. खोकल्याचं औषध घशातल्या खवखवीला नाही, त्याला मिठाच्या गुळण्या. उसणीला चालणं. आणि कधी चुकून गोळी द्यायचं ठरलंच, तर रिकाम्या पोटी नाही, आधी जेवायचं. त्यांनी आणलेली पाकिटं हिने एका स्टीलच्या डब्यात घालून ओट्यावरच्या फडताळात ठेवली होती. डबा काढायचा अधिकार तिचा. अर्धी गोळी मोडून ती त्यांच्या तळहातावर ठेवायची आणि ते ती प्रसादासारखी तोंडात टाकायचे.

"दवाखाना नाही म्हणाला तर तुला एवढा राग आला," ती एकदा म्हणाली. "मी नाही म्हणते तर तू चहा मागतोस."

"दवाखान्यात चहा देत नाहीत."

"मिरजेत एवढे डॉक्टर झाले. त्यातला एक तू झाला असतास तर सगळ्यांचा त्रास वाचला असता."

"मग मला कोणी तपासलं असतं?" मेहुण्यांनी विचारलं, आणि माझ्याकडे वळून, "बघा पाहुणे, हिला एवढंही समजत नाही."

आमच्या लग्नाला किती वर्षं झाली तरी मी त्यांचा पाहुणाच. बहिणीच्या नवऱ्याला पाहुणे म्हणायची त्यांच्याकडची पद्धत आहे. मी त्यांना हिच्यासारखंच दादा म्हणतो. त्या पलीकडे आम्ही एकमेकांशी फारसं बोललेलो नव्हतो. गरजही नव्हती, मधे ही असायची.

एकदा ते गेल्यावर मी हिला म्हटलं, की द्यायची होतीस एक गोळी, एवढं तोंड करून बसले होते. पॅरासिटामॉलने काय होणार आहे?

ती भांडी पुसत होती. "दिली की तो लगेच जाईल," ती म्हणाली. "खिचडी कोण खाणार मग?"

दवाखान्यात मिळायच्या त्याच्या पाव हिश्शाने गोळ्या मेहुण्यांना आमच्याकडे मिळत नसतील. तरी कणकण पूर्वीपेक्षा लवकर जाऊ लागली. मेहुणे याचं श्रेय हाताला द्यायचे. "बेबीने नाही म्हटलं तरी गुण येतो," ते सांगायचे, आणि हे वैद्यकशास्त्रात कुठेतरी लिहून ठेवायला हवं असा त्यांचा चेहरा असायचा. तोआ पायोहच्या बाईंना त्यांनी लिफ्टजवळ गाठून सांगितलं, की मी दुसरा डॉक्टर केलाय. बाईंनी विचारलं, चांगला आहे का? मेहुणे म्हणाले, फार कडक आहे, काहीच देत नाही. बाई म्हणाल्या, मग चांगला आहे.

मग ही आजारी पडली.

मेहुण्यांच्या दुखण्यांना इंग्रजीत शब्द नव्हते. हिच्या दुखण्याला मराठीत नव्हता. तिने आयुष्यात कधी डोकं दुखतंय असंही म्हटलेलं मला आठवत नाही, त्यामुळे तिने सांगितलं तेव्हा उशीर झालेला होता. तिची औषधं कुठल्या फळीवर मिळणारी नव्हती. ती पेटीतून यायची, नर्स दोनदा नाव वाचून द्यायची, आणि एवढ्या हातांतून येऊनही त्यांचा गुण यायला तयार नव्हता. मेहुणे रोज कामावरून हॉस्पिटलात यायचे, पायांशी खुर्ची ओढून बसायचे. त्या काळात त्यांना काही म्हणजे काहीच झालं नाही. ना खवखव, ना उसण. वॉर्डातल्या थंडीने आम्ही सगळे खोकत होतो, मेहुणे खोकत नव्हते.

हिला ते सहन होत नसावं. पडून पडून तिला दुसरं काही काम नव्हतं. "दादा, कणकण?" ती विचारायची. ते म्हणायचे, छे. "ढेकर?" नाहीत. "काल काय खाल्लंस?" भात आणि भाजी, ते सांगायचे, आणि ते खरं असायचं. एकदा तिने त्यांना जवळ बोलावलं, वाक म्हणाली, आणि उलटा हात कपाळाला लावला. "गार आहेस," ती म्हणाली. तिला तेव्हा ताप असायचा. तिच्या हाताला सगळ्यांचीच कपाळं गार लागत.

ती गेल्यावरही मेहुणे रविवारी येत राहिले. येताना हॉकर सेंटरवरून डोसे नाहीतर पराठे बांधून आणायचे, आम्ही ते ताटात काढून खायचो, आणि ते परत जायचे. मी विचारायचो, दादा, तब्येत? ते म्हणायचे, बरी आहे. फडताळातल्या डब्याला त्यांनी हात लावला नाही, मीही नाही. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं की माणूस सुधारला.

एका रविवारी ते आले नाहीत. जेवायची वेळ टळून गेल्यावर मी फोन केला. बऱ्याच वेळाने त्यांनी उचलला. मी म्हटलं, दादा, आज नाही आलात. ते म्हणाले, "जरा कंटाळा केला. मी ठणठणीत आहे, पाहुणे."

हा शब्द त्यांनी स्वतःबद्दल वापरलेला मी कधी ऐकला नव्हता. मी चपला घातल्या आणि टॅक्सी बोलावली.

त्यांच्या ब्लॉकखाली डेंग्यूचा लाल फलक लागलेला होता, आसपास रुग्ण आहेत, साचलेलं पाणी काढून टाका. असे फलक इथे लागतच असतात, माणसं त्यांना सायकली टेकवतात. मेहुण्यांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगात स्वेटर होता. सिंगापुरात स्वेटर हा एसीतल्या सिनेमाला जाताना घालायचा कपडा आहे. डोळे लाल, ओठ सुकलेले.

"उगाच आलात," ते म्हणाले.

मी हात उचलला. लग्नाच्या वेळी मारलेली मिठी सोडली तर मी त्यांना कधी स्पर्श केलेला नव्हता. उलटा हात लावायचा की सुलटा याचा मला क्षणभर विचार पडला. कपाळ तापलेल्या तव्यासारखं होतं.

"कधीपासून?"

"झाले दोन-तीन दिवस."

जेवणाच्या टेबलावर पॅरासिटामॉलची पाकिटं पडली होती. एकातलीही गोळी फोडलेली नव्हती. "घेतली नाहीत?" मी विचारलं.

"नाही."

"का, दादा?"

"कुणी दिली नाही," ते म्हणाले. तक्रार म्हणून नाही. पंप का बंद आहे याचं कारण सांगावं तसं.

संध्याकाळचा दवाखाना नुकता उघडला होता. लिफ्टमध्ये ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि खाली बाकावर पोचेपर्यंत माझ्या खांद्याला धरून चालले. बाईंनी त्यांना पाहून चष्मा वर केला. "अंकल, किती दिवसांनी. मला वाटलं तुमचा दुसरा डॉक्टर फारच चांगला निघाला." मग मला सांगावं लागलं, की तो डॉक्टर म्हणजे त्यांची बहीण, माझी बायको, आणि ती आता नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यानंतर रक्त घ्यायला त्यांनी नर्सला बोलावलं नाही, स्वतःच घेतलं.

डेंग्यूच होता. बाईंनी मला समजावलं. भरपूर पाणी, रोज रक्ताची तपासणी, पोटात कळ आली किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर थांबायचं नाही, आणि दुसरी कुठलीही दुखण्यावरची गोळी द्यायची नाही, फक्त पॅरासिटामॉल. मेहुणे डोळे मिटून ऐकत होते. ते उघडून त्यांनी विचारलं, "तीच? शाम्पूशेजारची?"

"तीच, अंकल."

"खऱ्या आजारालासुद्धा?"

"खऱ्या आजारालासुद्धा. पण आता मी देऊ शकते," बाई म्हणाल्या. हे किरकोळ दुखण्यात बसत नव्हतं. त्यांनी नाव छापलेली पिशवी काउंटरवरून मागवली, एक गोळी फोडली, पाण्याचा पेला आणला आणि गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. ते ती घेऊन बघत राहिले. मग घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना त्या दवाखान्यातून नियमाने मिळावं असं औषध मिळालं होतं, आणि त्यांना त्याचा काही आनंद झालेला दिसला नाही.

"पुढची सहा तासांनी लागेल तर," बाई म्हणाल्या. "घरी कोण आहे?"

"कोणी नाही," मेहुणे म्हणाले.

"मी आहे," मी म्हटलं.

त्यांना मी हौगांगला आणलं. हिच्या पद्धतीने रिकाम्या पोटी द्यायची नाही म्हणून खिचडी टाकली. ती खाली लागली. वरवरची काढून त्यांना दिली, त्यांनी दोन घास खाल्ले आणि काही म्हटलं नाही, त्यावरून ताप किती आहे ते मला कळलं. पुढची वेळ झाल्यावर मी पिशवीतून गोळी फोडायला गेलो, तर ती उडून फ्रीजखाली गेली.

"बेबीची कधी उडाली नाही," मेहुणे म्हणाले.

"तिला बारीक गोष्टींची सवय होती."

दुसरी मी नीट फोडली, तळहातावर ठेवून पुढे केली. ते माझ्या हाताकडे बघत होते. हे चालायचं की नाही हे ते ठरवत होते आणि मला ते दिसत होतं. पुस्तकाची पानं उलटणारा हात, दुसरं काही न केलेला. मीही तो तसाच धरून राहिलो. मागे घ्यावा असं दोनदा वाटलं. शेवटी त्यांनी गोळी उचलली आणि पाण्याबरोबर गिळली. तासाभराने थर्मामीटर लावला. पारा होता तिथेच होता.

"तुमच्या हाताला गुण नाही हो, पाहुणे."

"माहीत आहे, दादा."

"वेळ झाली की द्या पण."

मग मी देत राहिलो. ताप उतरला, आणि बाईंनी आधीच बजावलं होतं त्याप्रमाणे खरी काळजी तेव्हाच सुरू झाली, कारण रक्तातला प्लेटलेट्सचा आकडा घसरू लागला. आणखी घसरला तर हॉस्पिटल, बाई म्हणाल्या. मेहुण्यांनी विचारलं, कुठलं? बाईंनी नाव सांगितलं. ही होती तेच. मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तिथे नका नेऊ," ते म्हणाले. मी म्हटलं, की न्यायची वेळ आली तर नेणार, विचारणार नाही. ते नको असेल तर पाणी प्या. ते पाणी पीत राहिले. मी पेला भरायचा, त्यांनी रिकामा करायचा, असे आमचे दिवस गेले. त्यात मला एकदाही त्यांना जीभ दाखवा म्हणायचं सुचलं नाही. आकडा एक दिवस थांबला, दुसऱ्या दिवशी किंचित वर आला. बाई म्हणाल्या, "गुड लाह, अंकल," आणि मेहुण्यांनी विचारलं, कशाने? बाईंनी खांदे उडवले. आपोआप, त्या म्हणाल्या. माणसं बहुतेक वेळा आपली आपणच बरी होतात. मला हे वाक्य ओळखीचं वाटलं. मेहुण्यांना पटलं नाही.

नंतर त्यांना भूक लागू लागली, ते तोआ पायोहला परत गेले, कामावर जाऊ लागले. एका रविवारी ते दारात उभे होते, हातात पाकीट. चेहरा इंजिनरूममध्ये उतरल्यासारखा.

"पाहुणे," ते म्हणाले, "घशात खवखव आहे. गिळताना नाही. बोलताना."

मला आत कुठेतरी हलकं वाटलं. मी त्यांना खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं, पाकीट घेऊन डब्यात टाकलं आणि डबा फडताळात ठेवून दिला. मिठाचं पाणी कोमट करून त्यांच्या पुढे ठेवलं. ते थोडा वेळ त्या पाण्याकडे बघत बसले, मग उठून बेसिनकडे गेले. गुळण्यांचा आवाज मला बाहेरच्या खोलीत ऐकू येत होता.

ही नाही. मेहुणे तोआ पायोहला असतात, मी हौगांगला. रविवारी ते येतात आणि मी घरी असतो. कधी गोळी देतो, बहुतेक वेळा देत नाही. आम्ही जेवतो.